झाकली मूठ

१९८९ च्या गणपतीत आमच्या घरी एक नवल घडले. माझा मामेभाऊ बोलू लागला.

तो मुका नव्हता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरीला होता, एवढेच. दरवर्षी गौरी-गणपतीला दोन दिवस मुंबईहून गुलबर्ग्याला यायचा, आरतीला टाळ वाजवायचा, मोदक खायचा. "तिथे नक्की काय करतोस रे?" असे विचारले की त्याचे एकच उत्तर असे, "पाणी मोजतो." पुढे एक अक्षर नाही. त्याच्या आईलाही याहून अधिक माहिती नव्हती. अणुखात्यातल्या माणसांच्या घरचा हा शिरस्ताच असावा. पोखरणचा १९७४ चा स्फोट होईपर्यंत त्यात गुंतलेल्यांच्या घरच्यांनाही त्याचा पत्ता नव्हता म्हणतात, मग पाणी मोजणाऱ्याची काय कथा!

पण त्या वर्षी जेवणे झाल्यावर त्याने स्टीलचा पेला पुढे ओढला, त्यात दोन चमचे उभे केले आणि म्हणाला, "दादा, समज हे जड पाणी. हा चमचा पॅलॅडियमचा, हा प्लॅटिनमचा. वीज सोडायची आणि बसून राहायचे. काही लोक म्हणतात, या पेल्यात सूर्य पेटतो." मी तेव्हा इथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. एप्रिलपासून माझे विद्यार्थी याच पेल्याबद्दल विचारून मला भंडावून सोडत होते. हा प्रयोग आपण करू या का, असेही त्यांनी विचारले होते. आमच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमची टीचभर तारसुद्धा कुलपात असे, तिथे पॅलॅडियम कुठून आणणार?

त्या पेल्याची गोष्ट आज सांगण्याजोगी वाटते. तिच्यात विज्ञान आहे, पैसा आहे, भाऊबंदकी आहे. आणि मुठी कोणी झाकल्या व कोणी उघडल्या, याचा हिशेब आपल्या अंदाजाच्या अगदी उलटा निघतो.

आधी पाणी. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या दर साडेसहा हजार अणूंमागे साधारण एक अणू दुप्पट वजनाचा असतो. त्याला ड्यूटेरियम म्हणतात, आणि ज्या पाण्यात सारा हायड्रोजन असा जड असतो ते जड पाणी. आपल्या अणुभट्ट्यांना ते लागते, म्हणून ते बनवण्याचे कारखाने देशात आहेत. त्यांतला एक अलिबागजवळ थळला आहे. ड्यूटेरियमची दोन केंद्रके एकमेकांत मिसळली तर प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. हेच अणुसंमीलन. केंद्रके मिसळल्यानेच सूर्य तापतो. मात्र दोन्ही केंद्रकांवर धन विद्युतभार असल्याने ती एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश तापमान असते, तेव्हा कुठे ती जुळतात. पृथ्वीवर हे जमवण्यासाठी जगभर अवाढव्य यंत्रे उभारली गेली, आणि तरी घरातला दिवा त्यावर लागलेला नाही.

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद बोलावली. स्टॅन्ली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केले की साध्या खोलीच्या तापमानाला, काचेच्या नळीत, विद्युत-विघटनाने आम्ही संमीलन घडवले आहे. पॅलॅडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या कित्येक शे पट हायड्रोजन पिऊ शकतो. त्यात ड्यूटेरियम ठासून भरले की केंद्रके जवळ येतात आणि घातलेल्या विजेपेक्षा अधिक उष्णता बाहेर येते, असा त्यांचा दावा होता. फ्लाइशमन म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. विद्युत-रसायनशास्त्रातला तो मोठा माणूस, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य. सुरुवातीच्या प्रयोगांसाठी दोघांनी पदरचे लाखभर डॉलर खर्च केले होते. दुसऱ्याच दिवशी अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटले आणि समुद्रावर तेलाचा तवंग पसरला. नव्या ऊर्जेला याहून चांगला मुहूर्त कोण काढून देणार होते?

पण ही घोषणा शोधनिबंध छापून येण्याआधीच, इतक्या घाईने का झाली? याचे उत्तर ऐंशी किलोमीटरवर होते. त्याच युटा राज्यात प्रोव्हो गावी ब्रिगॅम यंग विद्यापीठ आहे. तिथला स्टीव्हन जोन्स हा पदार्थवैज्ञानिक जवळपास याच वाटेने चालला होता. १९८८ साली पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी सरकारकडे अनुदान मागितले, तेव्हा त्यांचा अर्ज तपासायला नेमका जोन्सकडे आला. झाले! बांधावरचे भांडण सुरू झाले. आमची कल्पना याने उचलली, असे यांना वाटले. मी तर वर्षानुवर्षे यावर काम करतो आहे, असे त्याचे म्हणणे. जोन्सचा दावाही फार छोटा होता. त्याला मोजके न्यूट्रॉन दिसले होते, उष्णतेचे नाव त्याने काढले नव्हते. पण दोन्ही विद्यापीठांना पेटंट दिसत होते. ६ मार्चला दोन्हीकडचे प्रमुख भेटले. २४ तारखेला सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावरच्या कुरियर कार्यालयात एकत्र जायचे आणि दोन्ही निबंध एकाच वेळी 'नेचर' या नियतकालिकाकडे रवाना करायचे, असे ठरले. युटाने मात्र आदल्याच दिवशी कॅमेऱ्यांपुढे मूठ उघडल्याचा देखावा केला. चिडलेल्या जोन्सने आपला निबंध फॅक्सने धाडून दिला.

देखावाच म्हणायचे, कारण मूठ उघडलीच नव्हती. प्रयोग कसा करायचा, पॅलॅडियम कसले, किती दिवस वीज सोडायची, उष्णता कशी मोजली, यांतले काहीच कोणाला धड सांगेनात. जगभरचे वैज्ञानिक वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांवरून नळीचा आकार काढत होते आणि हस्तलिखिताच्या फॅक्सच्या फॅक्सवरून आकडे वाचत होते. वकिलांनी तोंडाला कुलूप घातले होते. एप्रिलच्या अखेरीस युटा विद्यापीठाचे अध्यक्ष अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेले आणि अडीच कोटी डॉलर मागितले. आत्ता पैसे दिले नाहीत तर जपानी पुढे निघून जातील, ही भीतीही तिथे घातली गेली. राज्याने पन्नास लाख डॉलर दिले आणि त्यातून शीत संमीलनाची एक संस्थाही उभी राहिली.

पदार्थवैज्ञानिकांची शंका साधी होती. ड्यूटेरियमची दोन केंद्रके जुळली की निम्म्या वेळा न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि निम्म्या वेळा ट्रिशियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ तयार होतो. नळीत एक वॅट उष्णता या मार्गाने येत असेल तर दर सेकंदाला न्यूट्रॉनांची संख्या लाख कोटींच्या घरात जायला हवी. मग शेजारी उभे राहून हसतमुखाने फोटो काढून घेणारे हे दोघे जिवंत कसे? मे महिन्याच्या सुरुवातीला बाल्टिमोरला अमेरिकी पदार्थवैज्ञानिकांची सभा भरली, तिथे कॅलटेकच्या मंडळींनी युटाच्या दाव्याच्या चिंध्या केल्या. युटा विद्यापीठातल्याच मायकेल सॅलमन या पदार्थवैज्ञानिकाने पॉन्सच्या प्रयोगशाळेत पाच आठवडे उपकरणे लावून ठेवली होती. त्याला किरणोत्सर्गाचा मागमूस सापडला नाही. त्याने ते छापले, तेव्हा पॉन्सच्या वकिलाने त्याला खटल्याची धमकी दिली. एकाच विद्यापीठात, एका प्राध्यापकाच्या वकिलाची दुसऱ्या प्राध्यापकाला नोटीस! कॉलेजात भांडणे मीही पुष्कळ पाहिली आहेत, पण ती परीक्षेच्या वेळापत्रकावरून.

आता ट्रॉम्बेला येऊ. तेव्हा भाभा केंद्राचे संचालक होते पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार. पोखरणच्या पहिल्या स्फोटातल्या प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक. म्हणजे गुपित राखणे कशाला म्हणतात हे या माणसाला कोणी शिकवायला नको होते. युटाची बातमी आली आणि त्यांनी केंद्रातल्या निरनिराळ्या विभागांना प्रयोग करायला मोकळीक दिली. डझनभर गट आणि पन्नासएक माणसे कामाला लागली. महादेव श्रीनिवासन हे या कामातले दुसरे प्रमुख नाव. या लोकांकडे तीन गोष्टी होत्या. जड पाणी मुबलक होते. न्यूट्रॉन मोजणारी उपकरणे आणि ती वापरण्याचा वर्षांचा सराव होता. आणि ट्रिशियम मोजणे हे तर तिथले रोजचे काम, कारण अणुभट्टीतल्या जड पाण्यात ते तयार होतच असते. माझ्या मामेभावाचे 'पाणी मोजतो' त्यातलेच असावे.

एका गटाने हायड्रोजन वायू तयार करण्यासाठी बाजारात मिळणारे विद्युत-विघटनाचे यंत्र घेतले. त्यात साध्याऐवजी जड पाणी घातले. महिन्याच्या आत, २१ एप्रिलला, न्यूट्रॉनांचे झोत नोंदले गेले. पुढे त्या पाण्यात ट्रिशियमही आढळले. इतर गटांनाही कमीअधिक असेच दिसले. कोणी टायटॅनियमच्या तुकड्यांत ड्यूटेरियम वायू भरून पाहिला. सगळ्यांत विचित्र भाग प्रमाणाचा होता. पुस्तकाप्रमाणे न्यूट्रॉन आणि ट्रिशियम सारखेच यायला हवेत, इथे एका न्यूट्रॉनमागे ट्रिशियमचे सुमारे एक कोटी अणू दिसत होते. एक तर नवेच काही घडत होते, नाही तर मोजण्यात कुठे तरी घोळ होता.

अय्यंगारांनी काय केले? जुलैमध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या परिषदेत हे निष्कर्ष मांडले आणि डिसेंबरात एप्रिल ते सप्टेंबरच्या साऱ्या प्रयोगांचा अहवाल छापून टाकला. क्रमांक १५००. नळ्यांच्या आकृत्या, विजेचे आकडे, मोजणीच्या पद्धती, फसलेले प्रयत्न, सगळे त्यात. हवे त्याने वाचावे, हवे त्याने करून पाहावे, हवे त्याने खोडून काढावे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली चालणारे खाते, जिथल्या माणसाला आईपाशीही बोलण्याची चोरी, त्या खात्याने मूठ उघडली. आणि लोकांच्या कराच्या पैशावर चालणाऱ्या, ज्ञान वाटणे हाच ज्याचा धंदा त्या विद्यापीठाने ती आवळून धरली. त्या गणपतीत मामेभाऊ बोलू लागला तो यामुळे. त्याला आयुष्यात पहिल्यांदा बोलण्याजोगे आणि बोलता येण्याजोगे काही मिळाले होते.

मूठ उघडली म्हणून आत मोती निघाला, असे मात्र नाही. हे सांगितले पाहिजे. ट्रॉम्बेचे प्रयोग हुकमी जमत नव्हते. आज ट्रिशियम दिसे, उद्या तीच नळी, तेच पाणी, आणि काही नाही. जिथे अणुभट्ट्या आहेत तिथे ट्रिशियम बाहेरून मिसळले नाही कशावरून, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि तो रास्त होता. टेक्सासमधल्या जॉन बॉक्रिसच्या प्रयोगशाळेतही ट्रिशियम सापडले होते. तिथे तर ते कोणी मुद्दाम ओतले असा संशय १९९० मध्ये छापून आला, तो सिद्ध झाला नाही पण पुसलाही गेला नाही. त्याच बॉक्रिसने पुढे पाऱ्याचे सोने करू म्हणणाऱ्याला आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली आणि उरलीसुरली पत घालवली. परिसाच्या मागे लागलेल्याची अखेर किमयेवर व्हावी, हे आपल्याकडच्या कीर्तनकाराला सुचले असते तर लोक अतिशयोक्ती म्हणाले असते.

१९९० मध्ये अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, १९९३ मध्ये निवृत्त झाले. ट्रॉम्बेतले हे काम हळूहळू थंडावले. युटाची संस्था १९९१ मध्येच बंद पडली होती. पॉन्स आणि फ्लाइशमन फ्रान्सला गेले. जपानी पुढे निघून जातील अशी भीती घातली होती ना? त्यांना तिथे प्रयोगशाळा बांधून दिली ती टोयोटाशी संबंधित पैशाने. तीही १९९८ मध्ये मिटली. पेटंटांवर युटाने वकिलांना दिलेले पैसे तेवढे खरे खर्च झाले.

आपल्याकडे या सुमारास वेगळाच खेळ रंगला. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या रामर पिल्लैने झाडपाल्यापासून पेट्रोल करून दाखवले आणि देशभर त्याचे कौतुक झाले. वनस्पती कोणती, ते त्याचे गुपित. आपल्या गावातही त्या दिवसांत प्रत्येक पानटपरीवर एक तज्ज्ञ उभा असे आणि परदेशी तेल कंपन्या याला जगू देणार नाहीत असे सांगत असे. शेवटी ते टोल्युइन, नॅप्था वगैरे पदार्थांचे मिश्रण असल्याचे सीबीआयने कोर्टात मांडले आणि २०१६ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. यात मला खटकते ते वेगळेच. गुपित जितके मोठे, तितका आपला विश्वास दांडगा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण अब्रू राखण्यासाठी वापरतो. ऊर्जेच्या बाजारात ती भाव ठरवण्यासाठी वापरली जाते.

त्या बाजाराचा खरा उस्ताद इटलीचा. आंद्रेया रॉसी हा पूर्वी कचऱ्यापासून तेल करण्याच्या धंद्यात होता आणि त्या प्रकरणात तुरुंगाची हवा खाऊन आलेला. १४ जानेवारी २०११ ला त्याने बोलोन्यात एक यंत्र दाखवले. सोबतीला सर्जो फोकार्डी हे तिथल्या विद्यापीठाचे वयोवृद्ध प्राध्यापक. निकेलची भुकटी, हायड्रोजन, आणि एक 'उत्प्रेरक'. तो कोणता, हे सांगायचे नाही. पाणी आत जाते, वाफ बाहेर येते, आणि वीज लागते त्याच्या कित्येक पट उष्णता मिळते म्हणे. तीनच आठवड्यांनी चेन्नईत शीत संमीलनाची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वीस वर्षे इमानाने नळ्या मोजत बसलेल्या संशोधकांच्या त्या मेळाव्यावर रॉसीच्या वाफेचे सावट होते. अय्यंगार त्याच वर्षी डिसेंबरात गेले.

रॉसीने आधी डेफ्कॅलियन या ग्रीक कंपनीशी करार केला. काही महिन्यांत फाटले. मग डेफ्कॅलियननेच तसले आपले यंत्र पुढे आणले. तिच्या इटालियन भागीदाराच्या तंत्रज्ञाने नंतर दाखवून दिले की पाण्याचा प्रवाह मोजणारे मीटर पाणी वाहत नसतानाही आकडा दाखवू शकते. दुधात पाणी घालणारा गवळी आपण पाहिला आहे. इथे पाण्यातच पाणी नव्हते.

मग अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाची इंडस्ट्रियल हीट ही कंपनी पुढे आली. २०१२ चा करार. १५ लाख डॉलर यंत्राचे, एक कोटी पहिल्या चाचणीनंतर, आणि यंत्र वर्षभर चालले तर आणखी आठ कोटी नव्वद लाख. पहिले सव्वा कोटीच्या आतले पैसे पोचले. वर्षाची चाचणी फ्लोरिडातल्या डोरल इथल्या एका गोदामात फेब्रुवारी २०१५ ते फेब्रुवारी २०१६ झाली. शेजारची एक कंपनी ही उष्णता विकत घेते, असे दाखवले होते. तिच्या खोलीत कोणाला जाऊ देत नसत. चाचणी यशस्वी झाली म्हणून रॉसीने उरलेले पैसे मागितले, मिळेनात म्हणून एप्रिलमध्ये दावा ठोकला. आणि इथे, कोर्टात, मूठ उघडावी लागली. ती ग्राहक कंपनी रॉसीच्याच वकिलाच्या नावावर आहे आणि तिचा काही धंदाच नाही, असा आरोप इंडस्ट्रियल हीटने केला. एक मेगावॅट उष्णता म्हणजे एक हजार इस्त्र्या रात्रंदिवस तापत ठेवल्यासारखे. आपल्या मे महिन्यात एका इस्त्रीने खोलीत बसवत नाही. ती उष्णता गेली कुठे, हा प्रश्न तिथल्या तज्ज्ञांनीही विचारला. जुलै २०१७ मध्ये, ज्यूरीपुढे सुनावणी सुरू झाली न झाली तोच, दोघांनी तडजोड केली. उत्प्रेरकाचे नाव बाहेर आले नाही.

रॉसी लबाड की स्वतःच फसलेला, हे मी ठरवत नाही. मला वाईट वाटते ते श्रीनिवासन यांच्यासारख्यांचे. निवृत्तीनंतरही त्यांनी हा विषय सोडला नाही. २०१५ मध्ये 'करंट सायन्स' या आपल्या बंगळूरच्या नियतकालिकाने या विषयावर खास विभाग काढला, त्याच्या दोन संपादकांपैकी ते एक होते. त्यांचे म्हणणे बहुसंख्य वैज्ञानिकांना पटत नाही, मलाही पुरते पटलेले नाही. पण ते काय म्हणतात ते छापलेले आहे, आणि छापलेल्याशी भांडता येते.

२०१९ मध्ये 'नेचर'मध्ये आणखी एक निबंध आला. गूगलने चार वर्षे गुपचूप तीसएक संशोधकांना एक कोटी डॉलर देऊन जुने सारे दावे पुन्हा तपासून घेतले होते. शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही. मात्र पॅलॅडियममध्ये ड्यूटेरियम ठासून भरणे हेच किती कठीण आहे, आणि पूर्वीच्या अनेकांना ते जमले होते की नाही याचीच कशी खात्री नाही, हे त्यात लिहिले आहे.

आपल्या जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या, आता यादगीरकडे गेलेल्या शहापूर तालुक्यात गोगीला युरेनियमचा साठा आहे, त्याची चर्चा अधूनमधून उठते, तेव्हा मला हा पेला आठवतो. जमिनीखाली काय आहे आणि वरच्या विहिरींचे काय होईल, हे गावकऱ्यांना किती सांगायचे, हा तिथलाही प्रश्न आहे. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधी.

मामेभाऊ निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली. गुडघ्यांमुळे आता गणपतीला येत नाही, फोन करतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका ऊर्जा-संशोधन संस्थेने याच विषयावर आठ गटांना मिळून एक कोटी डॉलर जाहीर केले, ती बातमी मी त्याला वाचून दाखवली. त्याने डॉलरबद्दल काही विचारले नाही.

"मोजणार कोण?"

"मोजायला वेगळे गट नेमलेत. प्रयोग करणारे वेगळे."

"मग ठीक आहे दादा," तो म्हणाला, आणि वहिनीच्या गुडघ्यांची चौकशी करू लागला.